'क्रांतिक' की 'गंभीर'? क्रिटिकल टेम्परेचरले मराठीत काय म्हणावं

प्रश्न : पोरगी बीएस्सीले आहे, तिच्या नोट्समधे क्रिटिकल टेम्परेचरले एका पानावर 'गंभीर तापमान' अन् दुसऱ्यावर 'क्रांतिक तापमान' लिहिलं आहे. गंभीर म्हटलं की मले दवाखान्यातला पेशंटच आठवते. अन् क्रांतिकचा क्रांतीशी काय संबंध? बरोबर कोणतं?

उत्तर : भाऊ, क्रांतिकच. 'गंभीर' खोडायले सांगा, ते मोबाइलवरचं भाषांतर दिसते. क्रम् म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडणं, त्यातूनच संक्रांत आली. पण अर्थ समजायचा तर आपला धुरा घ्या. दोन वावरांच्या मधात धुरा असते, पण तो जिथं संपते तिथून वळसा घालून इकडून तिकडं गेलं तर कधी ओलांडला हे सांगताच येत नाही, द्रव अन् वाफेचंही तसंच, त्यांच्या मधातला धुरा जिथं संपते तो क्रांतिक बिंदू, अन् तिथलं तापमान ते क्रांतिक तापमान. कार्बन डायऑक्साइडचा ३१ अंशावर, ७३.८ बार दाबाले. आमच्या जिनिंगमधे त्याची आग विझवायची नळकांडी आहे, जानेवारीत हलवली तर आत द्रव हिंदकळते, मे महिन्यात ४५ अंशात काहीच हिंदकळत नाही, वजन मात्र तेवढंच.

पोरीले गणितही करायले सांगा. व्हॅन डर वाल्सच्या १८७३ च्या, वायूचा दाब, आकारमान अन् तापमान जोडणाऱ्या समीकरणात या बिंदूवर दाब-आकारमानाच्या आलेखाचा उतारही शून्य अन् वळणही शून्य, त्यातून तापमान निघते ८ए भागिले २७आरबी (आर हा वायूंचा स्थिरांक, ए अन् बी प्रत्येक वायूचे वेगळे आकडे). कार्बन डायऑक्साइडचे ए ३.६४, बी ०.०४२७ घातले की ३०४ केल्विन, म्हणजे ३१ अंश. पण लगेच खूश होऊ नका, ए अन् बी बहुतेक वेळा याच तापमान-दाबावरून काढलेले असतात, मग उत्तर जुळणारच. खरी परीक्षा आकारमानाची. समीकरण सांगते ३बी, म्हणजे मोलले ०.१२८ लिटर, प्रत्यक्षात ०.०९४. १९७६ चं पेंग-रॉबिन्सन समीकरण जास्त जवळ जाते, तेही पुरतं जुळत नाही.

प्रश्न : समजलं भाऊ. पण घरचं गॅस सिलिंडर तर मे महिन्यातही खळखळते?

उत्तर : कारण प्रोपेनचं क्रांतिक तापमान ९६.७ अंश, ब्युटेनचं १५२. आपला उन्हाळा तिथवर जात नाही. अन् 'बाष्प' अन् 'वायू' हे शब्दही इथंच वेगळे होतात, १८६९ मधे अँड्र्यूज या शास्त्रज्ञानं ही वाटणी केली : क्रांतिक तापमानाच्या खाली बाष्प, ते नुसतं दाबून द्रव होते, वर वायू, तो कितीही दाबा होत नाही. म्हणजे सिलिंडरात द्रवाच्या वर जे आहे ते बाष्प, आपण त्याले गॅस म्हणतो तरी.