शब्दचर्चा : फिलेमोनच्या पत्रातलं ‘स्प्लांख्ना’ – हृदय, आतडी की काळीज?

प्रश्न : बायबलच्या नव्या करारातलं, प्रेषित पौलाने तुरुंगातून फिलेमोनला लिहिलेलं पत्र मूळ ग्रीकमधून वाचते आहे. अवघी २५ वचनं, पण १२व्या वचनाशी अडले. अनेसिम या दासाला त्याच्या धन्याकडे, म्हणजे फिलेमोनकडेच, परत पाठवताना पौल म्हणतो, हा म्हणजे माझं ‘स्प्लांख्ना’. कोशात पहिला अर्थ ‘आतडी’ दिला आहे. मराठीत ‘हृदय’ म्हटलं तर चालेल का? ‘आतडी’ वाचायला विचित्र वाटतं.

उत्तर : ‘हृदय’ नको. ग्रीकमध्ये हृदयाला ‘कार्दिया’ हा वेगळा शब्द आहे, पौल तो इतर पत्रांत भरपूर वापरतो, आणि या पत्रात एकदाही वापरत नाही. ‘स्प्लांख्ना’ म्हणजे छाती-पोटाच्या आतलं सगळं. बळी दिलेल्या जनावराचं काळीज, फुप्फुसं, गुर्दे आधी भाजून खात, त्यांनाही हाच शब्द. त्यावरून माया, कळवळा हा अर्थ आला. आपल्याला यात नवल वाटायला नको. आपलीही आतडी तुटतात, पोटात कालवतं. हिब्रूमध्ये ‘रेखेम’ म्हणजे गर्भाशय आणि ‘रहमीम’ म्हणजे दया. आपण अरबीतून घेतलेला ‘रहम’ त्याच धातूचा.

प्रश्न : मग ‘पोटचा गोळा’ कसं वाटतं? १०व्या वचनात पौल ‘माझं लेकरू, बेड्यांत असताना मी ज्याला जन्म दिला’ असं म्हणतो, आणि अनेसिमचं नाव वाक्याच्या अगदी शेवटी घेतो. तोवर फिलेमोनला कळतही नसेल की हे कोणाबद्दल चाललंय.

उत्तर : १२व्या वचनापुरता फार सुंदर. पोटच्या मुलाला ‘स्प्लांख्ना’ म्हणण्याची रीत ग्रीकमध्ये होतीच. दुसऱ्या शतकातला स्वप्नफल सांगणारा आर्टेमिडोरस तसं नोंदवतो. पण अडचण अशी की हा शब्द पत्रात तीनदा येतो, आणि पौलाची सगळी विनवणी त्या तीन जागांवर उभी आहे. ७व्या वचनात तो फिलेमोनची स्तुती करतो : भाऊ, तुझ्यामुळे पवित्र जनांच्या स्प्लांख्नाला विसावा मिळाला. १२व्यात : हा माझं स्प्लांख्ना आहे. २०व्यात : आता माझ्या स्प्लांख्नाला विसावा दे. म्हणजे ज्याला तू परका, अपराधी दास समजतोस, त्याला जवळ केलंस तरच मला विसावा. तीन ठिकाणी तीन शब्द घातले की हा धागाच तुटतो, वाचकाला नुसता गोडवा उरतो. पोटच्या गोळ्याला विसावा देता येईल, पण ७व्या वचनात तो बसत नाही.

म्हणून माझं मत ‘काळीज’. काळजाला विसावा मिळतो, मूल काळजाचा तुकडा असतं, आणि मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृतच. शरीरातला अवयव आणि माया, दोन्ही एका शब्दात. मात्र १२व्यात ‘तुकडा’ घालू नका, पौल ‘हा माझं काळीजच’ इतकंच म्हणतो.

प्रश्न : पटलं. ११व्या वचनातला ‘आख्रेस्तोस’ आणि ‘युख्रेस्तोस’?

उत्तर : ‘निकामी’ आणि ‘कामाचा’. ‘पूर्वी तुझ्या लेखी निकामी, आता तुझ्याही आणि माझ्याही कामाचा.’ ‘निरुपयोगी–उपयोगी’ शाळेच्या पुस्तकातलं वाटतं. अनेसिम या नावाचा अर्थच ‘उपयोगी, लाभाचा’. दासांना अशी नावं सर्रास ठेवत. शिवाय त्या काळच्या उच्चारात ‘ख्रेस्तोस’ (कामाचा, भला) आणि ‘ख्रिस्तोस’ (ख्रिस्त) जवळजवळ सारखे ऐकू येत, ती छटा मराठीत आणता येत नाही, तिला तळटीपच हवी.

२०व्या वचनात ‘ओनाइमेन’ हे क्रियापद पाहा, ते अनेसिमच्या नावाच्याच कुळातलं. मी ते असं लावेन : ‘होय भाऊ, प्रभूमध्ये मला तुझा एवढा लाभ होऊ दे, ख्रिस्तात माझ्या काळजाला विसावा दे.’