मामा तलावातील गाळ किती खोलपर्यंत काढावा?

प्रश्न – धानकरी
भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावाला लागून एक जुना मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या (जुन्या जमीनदारांच्या) काळातला माजी मालगुजारी तलाव आहे. पूर्वी पावसाने ओढ दिली तरी रोवणी झालेले धान त्याच्या पाण्यावर तरून जात असे. आता निम्म्या पात्रात बेशरम हे झुडपी तण माजले आहे आणि ढिवर (मासेमार) बांधवांच्या जाळ्यात मरळ क्वचितच येते. उन्हाळ्यात यंत्र लावून संपूर्ण तलाव सारखाच खोल करावा, असे ग्रामसभेत बहुतेकांचे म्हणणे पडले. ते योग्य होईल का?

उत्तर – पाळीवरचा
माझ्या मते मुळीच नाही. कोहळी समाजातील जाणत्यांनी हे तलाव बांधताना जमिनीचा उतार पाहून खालच्या अंगाला मातीची पाळ (बांध) घातली, त्यामुळे पाळीकडे पाणी खोल आणि वरच्या अंगाला उथळ राहते. त्या उथळ काठावरच देवधान (रानटी धान) उगवते, पाणवनस्पतींच्या आडोशाने मासे वाढतात आणि अडई बदके चरतात. काठ उभा कापला की हे सारे संपते. पाळीच्या पायथ्याशी तर यंत्र नेऊच नये, कारण पाळ खचू शकते. आमच्या गावी गाळाखालची चिकण माती फोडून थेट मुरुमापर्यंत खोदले गेले. पोळ्याला तुडुंब दिसणारा तलाव त्या वर्षी होळीपूर्वीच कोरडा पडला. काळा गाळ संपून मातीचा रंग व पोत बदलला की थांबावे, हे उत्तम.

उत्तर – जुना सदस्य
बेशरम नुसती कापू नये, तिच्या तुटक्या फांद्याही ओल्या मातीत मूळ धरतात. पाणी ओसरल्यावर मुळासकट उपटून काठापासून दूर वाळवावी. गाळ शेतात टाकायचा असल्यास मागणी करणाऱ्या शेतकऱ्यांची यादी आधीच करावी, नाहीतर ढीग पाळीवर पडून राहतात आणि पहिल्याच पावसात परत तलावात येतात. (हा अनुभव बहुतेक गावांना असावा.)

उत्तर – पाटकरी
शंभर हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे मामा तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, त्यामुळे ठरावानंतर तेथील लघु पाटबंधारे विभागाची परवानगी घ्यावी. मासेमारीचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे आहे, तिच्या सभासदांना खोदकामाआधी तलावात फिरवून खोल डोह कोठे हवा, ते विचारावे. जाळे टाकणाऱ्याला तळ आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतो.

धानकरी
आभारी आहे. रविवारी ढिवर मंडळींसोबत पात्रात उतरून खुंट्या ठोकणार आहोत. वरचा काठ ठरावातून वगळला आहे.