श्रद्धा गेल्यावर मनाची समजूत घालणे म्हणजे आत्मवंचनाच का?

मुठाकाठ (प्रश्न)

गेल्या फाल्गुनात माझे वडील वारले. ते माळकरी होते. ज्येष्ठात पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की भवानी पेठेतल्या पालखी विठोबाला आणि नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाला ते मला बोटाला धरून नेत असत. माझी श्रद्धा पस्तिशीच्या सुमारास गेली. कोणाशी वाद झाला म्हणून किंवा कसला आघात झाला म्हणून नव्हे. एका वर्षी पालखीपुढे हात जोडले असताना, आपण हे केवळ शेजारी उभ्या असलेल्या वडिलांसाठी करीत आहोत, एवढेच लक्षात आले.

दहाव्याच्या विधीसाठी आम्ही ओंकारेश्वराजवळच्या घाटावर गेलो होतो. पिंड ठेवून झाले, परंतु कावळे भिंतीवर नुसते बसून राहिले. पाऊण तास झाला तरी एकही खाली उतरेना. शेवटी धाकटे काका म्हणाले, "आईला एकटे पडू देणार नाही, असे म्हण." मी हात जोडून मोठ्याने तसे म्हटले, आणि दोन-तीन मिनिटांत एक कावळा उतरून भात टिपून गेला. बायका रडू लागल्या. मी तसे म्हणत असताना सर्व मंडळी चार पावले मागे सरली होती आणि म्हणूनच कावळ्याची भीड चेपली, हे मला तिथल्या तिथे दिसले होते. तरीही त्या क्षणी छातीवरचे ओझे उतरले, हेही तितकेच खरे आहे.

तेव्हापासून संध्याकाळी कुलूप उघडताना मी "बाबा, आलो" असे म्हणतो. ते कोठेतरी आहेत आणि ऐकत आहेत, असे त्या वेळी वाटते, आणि त्या दिवशी झोप लागते. न म्हटल्यास लागत नाही. माझा प्रश्न असा की, जे खरे नाही हे आपल्याला ठाऊक आहे, ते खरे मानून चालणे कधी हिताचे असू शकते का? यंदा वारीत काही टप्पे चालावे, म्हणजे गेलेली श्रद्धा कदाचित परत येईल, असाही विचार मनात येतो.

पेरूगेट

तुमच्या दुःखाला मी उणे लेखत नाही. माझेही आईवडील गेले आहेत. परंतु प्रश्न सरळ विचारला आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो: असा समज हिताचा नसतो. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने 1877 साली एका जहाजमालकाचे उदाहरण दिले होते. जहाज जुने झाले आहे, त्याची डागडुजी हवी आहे, हे त्याला जाणवत होते; पण इतक्या सफरी सुखरूप पार पडल्या, दैव पाठीशी आहे, असे घोकून त्याने मनातली शंका घालवली आणि अगदी निर्मळ मनाने जहाज हाकारले. जहाज बुडाले. क्लिफर्डचे म्हणणे असे की, ते सुखरूप पोहोचले असते तरी मालक तितकाच दोषी ठरला असता, कारण तो विश्वास त्याने पुराव्याने कमावलेला नव्हता, शंका दडपून मिळवलेला होता.

आपल्याच गावात आगरकर होऊन गेले. दम्याने शरीर पोखरलेले, वयाची चाळिशीही गाठता आली नाही, आणि जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली त्यांनी पाहिली. परलोकाची आशा सर्वांत जास्त कोणाला उपयोगी पडली असती, तर ती त्यांना. पण त्यांनी तिचा आधार घेतला नाही. स्वतःशी खोटे बोलण्याची सवय एकाच खोलीत राहत नाही, हळूहळू साऱ्या घरात पसरते, असा माझा अनुभव आहे.

रात्रपाळी

मी बावीस वर्षे परिचारिका म्हणून काम करते, त्यामुळे या विषयाच्या दोन्ही बाजू अगदी जवळून पाहिल्या आहेत.

आधी वाईट बाजू सांगते. माझ्या आत्याच्या छातीत गाठ होती. ती देवधर्म मानणारी नव्हती; उलट कोणी अंगारा आणला तर परत पाठवीत असे. तरीही सात महिने "चरबीची असेल, दुखत नाही म्हणजे काही नाही" असे स्वतःला सांगत राहिली. मी दर आठवड्याला तिच्याकडे जात होते. आंघोळीनंतर ती पदर नेहमीपेक्षा घट्ट ओढून घेते, हे मला दिसत होते, आणि मीही काही विचारले नाही, कारण मलाही ते जाणून घ्यायचे नव्हते. आत्मवंचनेला श्रद्धा लागत नाही, भीती पुरते. यावर मी एवढ्यासाठी लिहिते आहे की, श्रद्धा सोडली म्हणजे भ्रमातून सुटलो, असे पुष्कळांना वाटते, आणि ते बरोबर नाही.

आता दुसरी बाजू. 1988 साली शेली टेलर आणि जोनाथन ब्राऊन या मानसशास्त्रज्ञांनी असे मांडले की, निरोगी मनाच्या माणसांनाही आपले गुण, आपला प्रसंगांवरील ताबा आणि आपले भविष्य ही सर्व प्रत्यक्षापेक्षा थोडी बरी दिसतात, आणि बहुधा त्या थोड्या जास्तीवरच माणूस उद्याच्या कामाला लागतो. या मांडणीवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले, पण रुग्णशय्येशेजारी मला ती खोटी वाटलेली नाही. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी "मी आषाढीपर्यंत जिना चढणार" असे म्हणणारा रुग्ण, न म्हणणाऱ्यापेक्षा लवकर पाय टेकतो.

तुमच्या "बाबा, आलो" म्हणण्याने कोणाचा उपचार थांबत नाही, कोणाचा पैसा बुडत नाही. झोप लागते आहे ना? मग निदान हे वर्ष ते सोडू नका.

जुना वाडा

मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवीत असे, आणि माझे आजोबा भिक्षुकी करीत असत. या प्रश्नात दोघांचीही गरज आहे.

रात्रपाळी यांनी जिना चढणाऱ्या रुग्णाचे जे उदाहरण दिले, तसेच एक उदाहरण विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने दिले होते. डोंगरात अडकलेल्या माणसाला जीवघेणी उडी मारावी लागते. आपल्याला जमेल असे त्याने मानले तर पाय घट्ट पडतो, न मानले तर तो डगमगतो आणि दरीत जातो. येथे विश्वासच स्वतःला खरे करून दाखवतो, म्हणून त्याला मी भ्रम म्हणणार नाही. परंतु वडील कोठेतरी आहेत की नाहीत, हे आपल्या मानण्याने इकडचे तिकडे होत नाही. तेव्हा जेम्सचा तो आधार मुठाकाठ यांना मिळत नाही, आणि या मर्यादेपर्यंत पेरूगेट यांचे म्हणणे मला मान्य आहे.

मात्र मुठाकाठ फसले आहेत, हे मला मान्य नाही. फसलेल्या माणसाला आपल्यापुढची मंडळी चार पावले मागे सरलेली दिसत नाहीत. जहाजमालकाने शंका दडपली. यांनी ती येथे सर्वांसमोर लिहून ठेवली आहे. मराठीत आपण "मनाची समजूत घालणे" आणि "मनाची फसवणूक करणे" असे दोन निरनिराळे प्रयोग करतो, ते उगीच नव्हे. रडणाऱ्या मुलाला आपण जवळ घेतो, तेव्हा पडलेले खेळणे फुटलेले नाही असे त्याला सांगावेच लागते असे नाही.

आजोबांबरोबर मी लहानपणी घाटावर जात असे. तासन्‌तास थांबूनही कावळा आला नाही, म्हणजे ते दर्भाच्या काड्या घेत, त्यांना एक गाठ मारीत, चोचीसारखे एक टोक पुढे काढीत आणि तो दर्भाचा कावळा पिंडाला शिववून विधी पुरा करीत. मी एकदा विचारले होते की हा खोटा कावळा चालतो कसा. ते म्हणाले, "लोकांना घरी जायचे असते." तो दर्भाचा आहे हे यजमानाला दिसत असे, गुरुजींना दिसत असे, विधवेलाही दिसत असे, कोणाच्याही डोळ्यांत धूळ फेकली जात नव्हती, आणि तरीही माणसे हलक्या पावलांनी परतत असत.

उघड सांगून दिलेल्या निष्क्रिय गोळ्यांचा एक प्रयोग 2010 साली टेड काप्चुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला होता. आतड्याच्या चिवट तक्रारी असलेले 80 रुग्ण. त्यातील काहींना, या गोळ्यांत औषध नाही, असे स्पष्ट सांगून त्या दिल्या. तीन आठवड्यांनी त्यांच्यापैकी 59 टक्क्यांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगितले. ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण 35 टक्के होते. प्रयोग लहान होता आणि आराम रुग्णांनी स्वतः सांगितलेला होता, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. परंतु आराम मिळण्यासाठी फसावेच लागते असे नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

वारीबद्दल मात्र सावध राहण्यास सांगतो. श्रद्धावान असल्याप्रमाणे वागत राहा, म्हणजे श्रद्धा येईल, असा सल्ला सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच विचारवंताने दिला होता. विवेकाला सवयीने झोपवण्याचा तो मार्ग आहे आणि तुमच्या स्वभावाला तो सोसणार नाही, असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. वडील चालत असलेला रस्ता पाहायचा म्हणून गेलात, तर अवश्य जा.

मुठाकाठ

तिघांचाही ऋणी आहे. दर्भाचा कावळा मी पाहिला होता, पण तो असा कधी दिसला नव्हता. "बाबा, आलो" हे मी म्हणत राहीन, आणि ऐकणारे कोणी नाही हे ठाऊक असताना म्हणेन. वारीला पुण्यापासून दिवे घाट चढेपर्यंतच जाईन. वडिलांच्या चपला तेथे एकदा तुटल्या होत्या आणि ते सासवडपर्यंत अनवाणी चालले होते.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. कावळा माझ्या शब्दावर उतरला, म्हणजे "यांनी ऐकले," असे आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते आणि दुजोऱ्यासाठी माझ्याकडे पाहते. मी मान हलवतो. येथे दर्भाची काडी फक्त मला दिसते आहे, तिला नाही.

रात्रपाळी

मान हलवण्याऐवजी, "मी शब्द दिला आहे आणि तो पाळणार आहे," असे म्हणून पाहा. ते तर पूर्णपणे खरे आहे.