माझा खलनायक सगळ्यांना आवडतो, नायक कुणाच्या लक्षातच राहत नाही. काय करू?

प्रतापनगरची_वही

नमस्कार. दोन वर्षं झाली, एक कादंबरी लिहितेय. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेड पट्ट्यातली, संत्र्याच्या बागांची. तिच्यात एक व्यापारी आहे, त्याला सगळे नुसतं 'शेठ' म्हणतात. ऑगस्टमध्ये तो आंबिया बहाराचे, म्हणजे हिवाळ्याअखेर फुलून ऑक्टोबरपासून तोडीला येणाऱ्या फळांचे बगीचे उक्ते घेतो, म्हणजे झाडावरचा सगळा माल एकरकमी ठरवून घेतो, आणि इसार देतो. तोडीच्या वेळी भाव पडला की मात्र फिरकत नाही, फोन उचलत नाही. फळ झाडावरच मऊ पडायला लागलं की उगवतो आणि ठरलेल्या पैशांच्या निम्म्यात माल उचलतो.

हा शेठ मी जीव ओतून लिहिलाय. बागेत शिरताना तो धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच चप्पल काढतो. वाकून, फांदी हातानं वर करून आतलं फळ बघतो आणि झाडावर किती शेकडा माल आहे ते न मोजता सांगतो. शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या आईच्या पाया पडतो. मुलीला दहावीला किती पडले ते विचारतो. मागच्या वर्षी ती आजारी होती, हेही त्याच्या लक्षात असतं.

नायक शेतकरी आहे. प्रामाणिक, सोशिक, कर्जात बुडालेला. त्याच्याबद्दल आणखी काय सांगावं ते मलाच सुचत नाहीये, आणि दुखणं बहुतेक तिथंच आहे.

मागच्या रविवारी धरमपेठेत आमच्या वाचन मंडळात सहा प्रकरणं वाचली. आठ जण होतो. तासभर सगळे शेठबद्दलच बोलत होते. एका काकूंनी विचारलं, "तो पुन्हा कधी येतो गं?" नायकाचं नाव दोघांना आठवलं नाही. घरी आले आणि रात्रभर झोप लागली नाही. माझ्या मामाची बाग अशाच एका माणसापायी गेली. तीनशे झाडं मामानं स्वतःच्या हातानं तोडून सरपणाला विकली. कादंबरी मी मामासाठी लिहायला घेतली होती, आणि लोक त्या माणसाच्या प्रेमात पडताहेत.

दोन उपाय करून पाहिले. आधी शेठला शिवराळ केलं, दारू पाजली. प्रकरण मेलं. मग त्याला हलाखीचं बालपण दिलं, तर मंडळातल्या सगळ्यांनी "बिचारा" म्हटलं. ते ऐकून मी ती पानं फाडली. बिचारा माझा मामा होता.

लोकांना वाईट माणूस का ओढून घेतो, आणि त्याला तसाच ठेवून त्याचा गुन्हा कमी होऊ न देता कसं लिहायचं? कुणी लिहिणारं, वाचणारं असेल तर सांगा.

---

झाडीतला_नट

ताई, मी लेखक नाही. पण झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत, नऊ सीझन खलनायक केलाय, वडसाच्या एका नाटक कंपनीत. आता नोकरीमुळे नागपुरात असतो.

दिवाळीनंतर आमचं सुरू होतं ते होळीपर्यंत. रात्री पडदा उघडला की पहाटेपर्यंत प्रयोग. अडीच-तीनच्या सुमारास अर्धा मंडप पेंगतो. थंडी मरणाची, बाया लेकरं कांबळ्यात घेऊन बसलेल्या. नेमक्या त्या वेळी दिग्दर्शक मला आत सोडायचे. नायक तेव्हा रडत असतो आणि रडणाऱ्याकडे पाहता पाहता माणसाला झोप लागते. खलनायकाला काहीतरी पाहिजे असतं, तो ते घ्यायला आलेला असतो. मंडप जागा होतो तो त्यासाठी.

पहिल्या वर्षी मी डोळे वटारायचो, गडगडाटी हसायचो. तोंडाला रंग लावताना एक जुना नट म्हणाला, "तू वाईट आहेस हे तुला माहीतच नाही. तुला ती जमीन पाहिजे, आणि उजाडायच्या आत पाहिजे. बस." त्या रात्री विधवेला अंगठा मागताना मी तिच्या लेकराला मांडीवर घेतलं. आवाज चढवला नाही. ते पोर माझ्या खोट्या मिशीशी खेळत होतं आणि मी कागद पुढे सरकवला. समोरच्या बाया रडायला लागल्या. वटारलेल्या डोळ्यांना कधी कुणी रडलं नव्हतं.

तेव्हा शेठला गोडच राहू द्या. मांडीवरचं लेकरू आणि कागद, दोन्ही एकाच वेळी दिसले पाहिजेत. तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय की शेठची गाडी गेली की तुमचं प्रकरण संपतं. गाडी गेल्यावर अंगणात काय होतं, ते लिहिलंय का?

---

महालातले_सर

वरच्या दादांशी सहमत आहे. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातून आलेलं दोन शब्दांत सांगतो.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आपल्या नागपुरात मारबत निघते, बाईच्या रूपातला भलामोठा पुतळा, एक काळा आणि एक पिवळा, १८८०च्या दशकापासून. "ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत लोक तिला जाळायला नेतात. पण त्याआधी पिवळ्या मारबतीपुढे बाया लेकरं घेऊन हात जोडतात, नवस बोलतात. मी लहानपणापासून ती गर्दी पाहतोय, त्यात कुणाला विसंगती वाटलेली मी पाहिली नाही. जिला जाळायचं तिच्या पाया पडून जाळायचं. तुमच्या मंडळातल्या काकू शेठची वाट बघतात म्हणून त्या त्याला माफ करतील, असं धरून चालू नका.

दुसरी गोष्ट दुर्योधनाची. पांडवगीतेत त्याच्या तोंडी आहे, "जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः". धर्म कळतो, पण तिकडे मन वळत नाही. किती साधं, आणि किती ओळखीचं! वर्गात हा श्लोक सांगितला की मागच्या बाकावरचं पोरगंही मान वर करायचं. त्यात बालपणाची कैफियत नाही, सबब नाही. तुमच्या शेठला सबब देऊ नका, ती पानं फाडलीत ते उत्तम केलंत.

आणि तुमचा नायक. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. अश्वत्थामा मेला असं द्रोणाला सांगितलं आणि रथ मातीला टेकला. शेवटी स्वर्गात जाऊन बघतो तर दुर्योधन आसनावर बसलेला, आणि त्या एका असत्यापायी नरक पाहावा लागतो तो युधिष्ठिराला. व्यासांनी हे लपवलं नाही. तुमच्या शेतकऱ्याचा रथ अजून चार बोटं वर आहे, लेकी.

---

धुऱ्यावरचा

ताई, मी कादंबऱ्या वाचत नाई. पोरीनं हे वाचून दाखोलं म्हून लिवतो. तुमचा शेठ आमच्या घरी येऊन गेला हाये, त्याचं दुसरं नाव होतं येवढंच.

मी तवा नववीत होतो. झडीचा पाऊस, फळगळ लय झाली होती. व्यापारी बगीचा पाहाले येनार म्हून बाबानं आमाले पहाटं चारले उठोलं. बाबा, माय आन मी. बॅटरीच्या उजेडात झाडाखालची सारी फळं घमेल्यात भरली आन नाल्यात नेऊन टाकली. चाळीस-पन्नास घमेले झाले असन. दहा वाजता तो आला. बाबा त्याले म्हने, "यंदा गळ नाई." माह्या हाताले सडक्या संत्र्याचा वास येत होता, मी हात पाठीमागं धरून उभा रायलो.

माहा बाप खोटं बोलनारा मानूस नोयता. उभ्या जन्मात मी त्याले तेवढं येकदाच खोटं बोलताना पाह्यलं.

पुढं त्या मानसानं आमाले बुडोलं. बाबा आता नाई. त्याची आठवन आली का मले तीच पहाट दिसते, घमेलं खांद्यावर घेऊन नाल्याकडं जानारा बाप. त्याच्यावर जेवढी माया मले त्या दिवशी आली तेवढी कवाच आली नाई.

---

प्रतापनगरची_वही

सर, नट दादा, तुमचं तीन-तीनदा वाचलं. मामाला मी देवघरात बसवलं होतं, हे कळलं. त्याचं एकही चुकीचं पाऊल मी कागदावर येऊ दिलं नव्हतं.

धुऱ्यावरच्या दादा, तुमची ती पहाट मी घेऊ का? तुमचं गाव, घर काहीच येणार नाही. नको वाटली तर सांगा, मी काढून टाकेन, मनापासून सांगतेय.

काल रात्री मामीला फोन करून एवढंच विचारलं की पडलेलं फळ उचलल्यावर खाली काय उरतं. ती म्हणाली, पावसात माती लोण्यासारखी असते, फळ रुततं, उचललं की वाटीएवढा खळगा राहतो. मग लिहायला बसले ती तीन वाजेपर्यंत.

आता सातव्या प्रकरणात नायक आणि त्याची मुलगी पहाटे फळं उचलतात. दहाला शेठ येतो. नेहमीसारखी चप्पल काढतो आणि ओल्या मातीतून अनवाणी चालत जातो. एका झाडाखाली थांबतो, पाय जरा दाबून बघतो. पुढच्या झाडाखाली पुन्हा. दोन वर्षं मी त्याला चप्पल काढायला लावत होते, भक्तिभाव म्हणून. तो खळगे शोधायला काढतो, हे मला काल कळलं.

तो काहीच बोलत नाही. ते ऑक्टोबरच्या तोडीसाठी ठेवून देतो. अंगणात येऊन आजीच्या पाया पडतो, इसाराच्या नोटा दोनदा मोजून नायकाच्या हातात देतो. मुलगी दाराशी हात पाठीमागे धरून उभी आहे. शेठ तिच्याकडे वळून मायेनं विचारतो, "मग, अकरावीला काटोल का नागपूर?"