ट्यूब झिजली की शील्ड चढवायची, हे योग्य आहे का?

बॉयलर तपासनीस, मुलुंड: मुंबईभोवतीच्या तळोजा, अंबरनाथ, तारापूर या पट्ट्यात कोळशाच्या बॉयलरमधील इकॉनॉमायझरची (बाहेर जाणाऱ्या गरम वायूने बॉयलरचे पाणी आधीच तापवणाऱ्या भागाची) ट्यूब फुटली, की तेवढी बदलायची, शेजारच्यांवर स्टेनलेस स्टीलची शील्ड (संरक्षक आवरण) चढवायची आणि बॉयलर पुन्हा पेटवायचा, ही पद्धत रूढ झाली आहे. कारण न शोधता बसवलेली शील्ड झीज थांबवत नाही, ती शेजारच्या ट्यूबवर ढकलते, असे माझे स्पष्ट मत आहे. देशी कोळशात बहुधा 35 ते 45 टक्के राख असते आणि तिच्यात ट्यूब घासणारे क्वार्ट्झचे कठीण कण असतात हे खरे. पण त्याहून निर्णायक आहे तो फ्ल्यू गॅसचा (जळणातून निघणाऱ्या गरम वायूचा) वेग, कारण झीज साधारणपणे वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढते. गॅसमधील ऑक्सिजन 3.5 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर गेला, तर गॅसचे प्रमाण सुमारे 25 टक्क्यांनी वाढते आणि झीज जवळजवळ दुप्पट होते. ही जादा हवा पुष्कळदा केसिंगच्या (बॉयलरच्या बाहेरील आवरणाच्या) फटींतून आत येते. त्या फटी आधी बुजवाव्यात.

मेंटेनन्स विभाग, तळोजा: तत्त्व मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. कोळशाची प्रत्येक खेप वेगळी असते, वाफेची मागणी उत्पादन विभाग ठरवतो, आणि शटडाऊन इतका आखूड असतो की अभ्यासाला सवड राहत नाही. मागची भिंत आणि ट्यूबांचे बेंड (वळणे) यांच्यामध्ये जी फट उरते, तिच्यातून गॅसला अडथळा कमी असल्याने तो वेगाने धावतो आणि तेथील बेंड खरवडले जातात. अशा जागी शील्ड हाच स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

बॉयलर तपासनीस, मुलुंड: त्या फटीवर बॅफल (गॅस अडवणारा पत्रा) बसवता येते, मात्र शटडाऊनमध्ये पंखे चालवून थंड हवेचा वेग जागोजागी मोजल्याशिवाय नव्हे, अन्यथा अडवलेला गॅस दुसरीकडे वेग घेतो. शिवाय फुटलेली ट्यूब नीट पाहिली जात नाही, याचे मला फार वाईट वाटते. राखेने झिजलेली ट्यूब एका बाजूने चकचकीत आणि चपटी होते व फाटलेल्या जागी तिची कड पात्यासारखी पातळ असते. ट्यूब फुगलेली असेल, तर मात्र अतितापाचा आणि आतल्या क्षारांचा संशय घ्यावा. त्यातच पहिल्या गळतीचा फवारा शेजारच्या ट्यूबाही कापतो, त्यामुळे सर्वांत मोठे भोक पडलेली ट्यूब हीच मूळ दोषी समजून तपास भरकटतो.

बॉयलर ऑपरेटर, डोंबिवली: दोघांनीही सूटब्लोअरचा (ट्यूबांवर साचलेली राख वाफेच्या झोताने उडवणाऱ्या यंत्राचा) विचार केलेला नाही. वाफेच्या लाइनमधील पाणी पुरते ड्रेन न करता ब्लोअर चालवला, तर ओल्या वाफेचा मारा त्याच्या टप्प्यातल्या ट्यूबा खातो. तिथे राखेला दोष देऊन उपयोग नाही.

मेंटेनन्स विभाग, तळोजा: सूटब्लोअरचा मुद्दा रास्त आहे, ड्रेनची तपासणी आम्ही सुरू करू. पुढच्या शटडाऊनमध्ये त्याच ठरावीक जागांची जाडी अल्ट्रासॉनिक मीटरने मोजून मागील नोंदींशी ताडून पाहू. पण तोवर बेंडवरच्या शील्ड मी काढणार नाही.