बिल आणि फ्रँकच्या भागात कथानक थांबते का?

प्रश्न

'द लास्ट ऑफ अस' या मालिकेच्या पहिल्या पर्वातील तिसरा भाग (जानेवारी २०२३) मी नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी पुढे वाचू नये, कारण शेवट उघड होणार आहे. बुरशीच्या संसर्गाने जग कोसळल्यानंतरचा जोएल हा तस्कर आणि त्याच्यावर सोपवलेली किशोरवयीन एली यांचा प्रवास जेमतेम सुरू झालेला असताना हा भाग त्या दोघांना बाजूला सारतो आणि बराचसा वेळ बिल आणि फ्रँक या दोन पुरुषांचा संसार दाखवण्यात घालवतो. माझेही डोळे पाणावले, हे मान्य करतो. तरीही पटकथा म्हणून विचार केला, तर जोएलला गाडी आणि शस्त्रे मिळण्यापलीकडे या भागातून कथानकाच्या पदरात काय पडते?

प्रतिसाद १

गाडी ही निमित्तमात्र आहे. जोएलच्या हाती खरे म्हणजे पत्र पडते. ज्या व्हिडिओ गेमवर (२०१३) ही मालिका आधारलेली आहे, त्यात बिल एकटा, कडवट माणूस आहे आणि फ्रँक मरताना बिलविषयीचा तिरस्कार चिठ्ठीत लिहून ठेवतो. मालिकेत पत्र बिल लिहितो आणि त्यात जोएलला बजावतो की आपल्यासारख्या माणसांचे काम कुणाला तरी सांभाळण्याचे असते. एली ते मोठ्याने वाचत असते आणि टेसचे नाव येताच थांबते, कारण जोएलची जोडीदार टेस आधीच्याच भागात मरण पावलेली आहे. सांभाळायचे माणूस गेले आणि समोर ही मुलगी उभी आहे, हे जोएलला कुणी समजावून सांगत नाही, पण पुढचा सगळा प्रवास त्या क्षणावर उभा आहे.

स्ट्रॉबेरीचा प्रसंगही पुन्हा पाहावा. आपल्या शस्त्रसाठ्यावर जिवापाड विसंबून असलेल्या बिलची एक बंदूक फ्रँक बियांच्या पाकिटाच्या बदल्यात परस्पर देऊन टाकतो. पिकलेले फळ तोंडात टाकल्यावर बिल लहान मुलासारखा खुदकन हसतो आणि लगेच कबूल करतो की तू येण्याआधी मला कशाचीच भीती वाटत नव्हती. एवढ्या एका प्रसंगात माणूस आतून बदललेला दिसतो आणि त्यासाठी एकही झटापट लागत नाही.

प्रतिसाद २

पत्राविषयीचे म्हणणे पटते, परंतु या भागाचे कौतुक जरा जास्तच होते असे माझे मत आहे. लुटारूंच्या हल्ल्यात बिलला गोळी लागते, आता काय होणार म्हणून आपण श्वास रोखतो आणि पुढच्याच दृश्यात दहा वर्षे उलटलेली असतात: बिल धडधाकट, फ्रँक चाकांच्या खुर्चीत. तो धक्का परिणामकारक आहे खरा, पण आजारपणाची, चिडचिडीची, थकव्याची वर्षे वगळून दोघे मिळून मरण पत्करतात त्या शेवटच्या सुंदर दिवसावर थेट येणे ही पटकथेने स्वतःला दिलेली सवलत आहे. व्यक्तिरेखेवरच भर द्यायचा होता, तर नेमका तोच काळ दाखवायला हवा होता.

तुलनेसाठी 'द वॉकिंग डेड' या झॉम्बींच्या (मरून पुन्हा उठणाऱ्या माणसांच्या) मालिकेच्या चौथ्या पर्वातील 'द ग्रोव्ह' (२०१४) हा भाग घ्या. मेलेली माणसे नुसती बदलतात, संपत नाहीत, अशी लिझी या मुलीची ठाम समजूत असते आणि ते सिद्ध करण्यासाठी ती धाकट्या बहिणीला, मिकाला, मारते. त्यानंतर दोघींना सांभाळणाऱ्या कॅरोलला लिझीला ठार मारावे लागते, ते कोणत्याही राक्षसापेक्षा भयंकर आहे. तिथे कथानक आणि स्वभाव वेगळे काढताच येत नाहीत, शिवाय कुणालाही सुटका मिळत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

गाडीचा मुद्दा मी मागे घेतो. दहा वर्षांच्या उडीबद्दल मात्र मला वेगळे वाटते. पहिल्या भेटीत बिलने वाढलेले सशाचे मांस शेवटच्या रात्रीही त्याच टेबलावर येते. फरक इतकाच की आता फ्रँकला चमचादेखील नीट धरता येत नाही आणि बिल त्याकडे सवयीने पाहतो. वगळलेली वर्षे मला त्या सवयीत दिसली.