आभार आधी की पीक आधी?

‘प्रार्थना ऐकली गेली तर आभार मानायचे, नाही तर कशाचे?’ हा प्रश्न रोखठोक आहे, पण आमच्याकडे क्रम थोडा उलटा आहे. मुंबई-वसई पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या कॅथलिक समाजाच्या) गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा सुगीचा सण असतो. लॅटिनमधल्या ‘आगेर’ म्हणजे शेत या शब्दावरून हे नाव आलं, असं मानतात. भाताच्या पहिल्या लोंब्या कापून वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात आणि मग त्या घरोघर अल्तारावर, म्हणजे प्रार्थनेच्या वेदीवर, जातात.

यातली गंमत अशी की तेव्हा बहुतेक भात शेतातच उभं असतं. परतीचा पाऊस कधीही आडवं करेल. म्हणजे आभार मानायचे ते पीक घरात यायच्या आधी! एका वर्षी आगेऱ्यानंतर चारच दिवसांत आमचं अर्धं भात लोळलं. मी चिडून आजीला विचारलं, आता लोंबी काढून टाकू का अल्तारावरची? ती म्हणाली, “राहू दे. विळा शोध आधी, पाण्यातलं भात उचलायचंय.” आता ते शेतच राहिलं नाही. लोंब्या शेजारच्या गावातून आणतो.